झालं म्हणू नकोस

प्रिय विर्वे,

तुझं पत्र मी दारातच उभ्या उभ्या वाचलं आणि आत दूध उतू गेलं. जहाज टॅलिनला फक्त एक दिवस थांबणार, सकाळी लागणार, संध्याकाळी सुटणार, तेवढ्या वेळात बघण्यासारखं काय काय आहे ते कळव, असं लिहितेस! अगं, इथल्याच कालामाया वस्तीच्या गल्ल्यांतून अनवाणी हुंदडलेली तू, आणि धाकट्या बहिणीला विचारतेस, बघण्यासारखं काय आहे? आधी मी हसले, मग रागावले, मग पुन्हा हसले, आणि शेजारच्या आर्वोचं दार बडवून ओरडले, "अरे, माझी बहीण येतेय!" तर म्हणतो कसा, "कोणती, ऑस्ट्रेलियावाली?" जशा काही मला डझनभर आहेत.

तर आता नीट ऐक. जहाजावरून उतरलीस की हातात झेंडी घेतलेली एक बाई तुम्हा सगळ्यांना मेंढरांसारखं हाकायला येईल. तिच्या मागे जायचं नाही. मी धक्क्यावर लाल टोपी घालून उभी असेन. एवढ्या म्हाताऱ्या बाईला लाल टोपी शोभत नाही हे मला ठाऊक आहे, पण आईच्या मातीला आली होतीस तेव्हाची मी आता राहिलेली नाही, तू ओळखणार कशी? अंगावर स्वेटर घे, आपल्याकडच्या जुलैचा भरवसा नाही. आणि पासपोर्ट नि गोळ्या पर्समध्येच ठेव, जहाजावर ठेवू नकोस. का, ते विचारू नकोस.

पहिल्यांदा चौकात. नगरभवनाच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा म्हातारा टूमास अजून तसाच वाऱ्याबरोबर फिरतोय. तू त्याला खालून जीभ दाखवायचीस आणि मार मी खायचे. तिथे बसून कॉफी प्यायची, घाई करायची नाही. मग कोपऱ्यावरच्या जुन्या औषधाच्या दुकानात जायचं. आपण काचेला नाक लावून बरण्यांमधल्या वाळक्या बेडक्या बघायचो, आठवतं? तिथे बदामाची मिठाई घ्यायची, आणि तुझी साखर वाढली तर मी डॉक्टरांना उत्तर देईन. मग वर टेकडीवर. 'आखूड पाय' गल्लीच्या पायऱ्या तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाहीत, म्हणून आपण 'लांब पाय' रस्त्याच्या चढाने जाऊ. "एक पाय लांब, एक आखूड, म्हणून आपलं गाव लंगडतं," असं बाबा दर रविवारी सांगायचे आणि दर रविवारी स्वतःच हसायचे. आता मी ते पर्यटकांना ऐकवते. ते बिचारे मान हलवतात.

वरच्या कठड्यावर गर्दी असेल, पण मी कोपराने जागा करून देईन. लाल कौलं, ओलेविस्ते चर्चचा उंच मनोरा आणि मागे समुद्र. विर्वे, मी हे दर आठवड्याला बघते आणि तरी दर वेळी ऊर भरून येतो. हातातली पाव-मासळी मात्र सांभाळ, तिथले कुरव पक्षी चोर आहेत, गेल्या महिन्यात एकाने माझ्या तोंडासमोरून पळवली. तिथून त्या बुरुजाकडे, ज्यावरून पहारेकऱ्यांना सगळ्यांच्या स्वयंपाकघरात डोकावता यायचं, म्हणून ज्याचं नावच 'डोकाव स्वयंपाकघरात' पडलं. आई समोरच्या घरातल्या चोंबड्या बाईला त्या बुरुजाच्या नावानेच हाक मारायची, तीही तोंडावर! आणि मग उतरून सरळ घरी. नवे बटाटे, वर शेपू, खारवलेला हेरिंग मासा, आंबट साय. आर्वोच्या वाफ्यातली स्ट्रॉबेरी मी आत्ताच सांगून ठेवलीय. त्याच्याकडून धाकट्या खोलीची खिडकीही रंगवून घेतली. खोलीत उजेड चांगला येतो, एवढंच.

आता जे मला खरं बोलायचंय ते. पत्राच्या शेवटी तू सहज लिहिल्यासारखं लिहिलंस की पेक्काभावजी गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून या सहलीवरून परतलं की तिकडच्या वृद्धाश्रमात राहायला जाणार, खोलीही ठरली आहे. आणि खाली लिहिलंस, "माझं आता सगळं झालं, एंडला." झालं? तू हा शब्द लिहिलास? तिकडच्या उन्हात तळ्यातला म्हातारा विसरलीस का? दर शरदात रात्री तो उलेमिस्ते तळ्यातून निघून वेशीवर येतो आणि पहारेकऱ्याला विचारतो, "काय रे, गाव झालं का बांधून?" कुणी चुकून "झालं" म्हटलं, की पाणी सोडून गाव बुडवलंच त्याने. म्हणून म्हणायचं, "छे हो, अजून किती राहिलंय!" बाबा गवंडी, त्यांनी आयुष्यात कुठलीच भिंत झाली असं म्हटलं नाही. आपल्या घरात सूपसुद्धा कधी झालं नाही, "अजून थोडं राहिलंय" म्हणतच ताटात यायचं. त्या घरातली मुलगी तू, आणि स्वतःबद्दल असं लिहितेस?

काल आर्वोला आपला सगळा बेत वाचून दाखवला. तो जन्मभर बंदरात राबलेला माणूस. डोकं खाजवत म्हणाला, "अगं बाई, दर चार पावलांवर कॉफी, वर चढ, घरी जेवण... असं हिंडलात तर तिचं जहाज निघून जाईल की!" मी म्हटलं, "मग मी हा बेत कशासाठी आखलाय असं वाटतं तुला?" विर्वे, ते जहाज चुकव. म्हणून पासपोर्ट पर्समध्ये, म्हणून गोळ्या, म्हणून ती खिडकी. खोलीत नवी गादी घातलीय, निळी चादर अंथरलीय. नाहीच करमलं तर विमानात मी स्वतः बसवून देईन, पण आधी राहून तर बघ. मला तू हवी आहेस. एकटीसाठी बटाटे उकडायचा मला वीट आलाय, आणि बाबांच्या त्या विनोदावर माझ्याबरोबर हसणारं या गावात कुणी उरलेलं नाही. आपण स्ट्रॉबेरी खात असताना बंदरातून भोंगा ऐकू येईल. तेव्हा ती झेंडीवाली बाई तुला फोन करून विचारेल, "बाई, झालं का गाव बघून?" काय उत्तर द्यायचं, ते तुला लहानपणीच शिकवलंय.

अजून काहीच न आवरलेली,
तुझीच
एंडला