निळ्या चपलांचं जाळं

अळणावर

प्रिय पर्शाअण्णा,

आज पक्षीगणनेला धारवाडहून वनखात्याच्या मॅडम आल्या होत्या. त्यांना तुझ्या होडीत बसवून मीच वल्हवत तळ्यातल्या गवतापाशी नेलं.

"पदवीधर पोरगी, आणि वल्हवतेस नावाड्यासारखी!" त्या हसल्या.

"अण्णानं शिकवलंय," मी मिरवत म्हणाले.

तिथंच, घरट्यांच्या दिवसांत मनाई असूनही, जाळं लावलेलं होतं. त्यात एक जांभळी पाणकोंबडी अडकून मेली होती. पिल्लं भोवती ओरडत होती. जाळं तरंगावं म्हणून बांधलेले तुकडे निळ्या चपलांचे होते. माझ्या कॉलेजच्या चपलांचे, अण्णा. जुन्या चपला आपल्याकडं जाळ्यालाच लागतात.

"कुणाचं गं हे?"

नाव कळलं तर होडी जप्त होते. "ठाऊक नाही," म्हणाले. फॉर्मवर 'मालक अज्ञात' लिहून खाली सहीही केली. आपल्या घरातून सरकारी कागदावर आजवर अंगठेच उठले. पहिली सही माझी, आणि ती खोट्याखाली.

फॉर्म उद्या दुपारी मॅडमबरोबर धारवाडला जाईल. त्याआधी तू स्वतः जाऊन त्यांना जाळं आपलं म्हणून सांगावंस, एवढंच मागणं आहे. पण तुला आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवते. हे कुठल्या तोंडानं वाचू?

तुझीच,
रत्ना