जखमेवरचे भुंगेरे

४ मे

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

काडेपेटीतून पाठवलेला तुझा भुंगेरा पोचला. वाटेत बिचारा मेला, पण सहाही पाय शाबूत आहेत. भिंगाखाली धरला आणि मी खुर्चीवरून ताडकन उठलेच. पाठीवर चार पिवळे ठिपके! आमच्या संग्रहालयात याचा एकच नमुना आहे, साठ वर्षांपूर्वीचा. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही, म्हणून नामशेष धरलेला. संग्रहालयाच्या साहेबांनी दोनदा चष्मा पुसला.

झाडाच्या जखमेतून पाझरणारा रस आंबला की हे भुंगेरे त्यावर जगतात. अळ्याही तिथेच वाढतात. पण एका मेलेल्या भुंगेऱ्याने काही सिद्ध होत नाही, जिवंत वस्ती दिसायला हवी. महिनाअखेरीस मी आणि साहेब येतो. कुठल्या झाडावर सापडला ते लगेच कळव. चाळीस वर्षं त्या जंगलातल्या झाडांवर उपचार केलेस, तुला झाड न् झाड पाठ आहे.

मामीला नमस्कार. माया पातळ करू नकोस.

तुझी किडामुंगी

१२ मे

चि. किडामुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने शेजारणीला तीनदा वाचून दाखवलं. ती बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. निवृत्त होऊन महिना झाला, तरी सकाळी पाय आपोआप जंगलाकडे वळतात. माझ्या जागी आलेले गृहस्थ चांगले आहेत, बोलतात मात्र फार. तू वेळेवर जेवत जा. साहेबांना इतक्या लांब कशाला त्रास देतेस? ऊनही फार आहे.

आठवण ठेव.

तुझा मामा

१७ मे

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

भुंगेऱ्याबद्दल अवाक्षर नाही! तू गुडघ्याच्या विषयावर घसरलास की कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळतं. आई म्हणाली, लहानपणी काच फोडलीस की असाच ऊनपावसाच्या गप्पा मारत घरभर फिरायचास. खरं काय ते लिही. रागावणार नाही. रागावलेच तर थोडीच.

लोभ आहेच, उत्तर हवं.

तुझी किडामुंगी

२१ मे

चि. किडामुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी आई काही म्हणजे काही विसरत नाही.

भुंगेरा सापडला त्याच दिवशी मी ती जखम खरवडली, धुतली आणि वर डांबर फासलं. पाझरणारी जखम दिसली की मला राहवत नाही. माणूस निवृत्त झाला म्हणून हात थोडेच निवृत्त होतात? मला वाटलं, भुंगेराच रोग. कसल्या किडीतून झाड वाचवलं ते तुला दिसावं म्हणून पाठवला. मिरवायला गं.

तुझं पत्र आल्यावर धावत जाऊन डांबर काढलं. खाली कोरडं ठणठणीत. झाड बरं झालं म्हणून वाईट वाटावं, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

मग विचार करत बसलो. साठ वर्षं दिसला नाही म्हणतेस. त्यातली चाळीस मी तिथे होतो आणि एकही जखम उघडी ठेवली नाही. माझ्या आधी हे काम करणारे, मला शिकवणारे मास्तरही तसेच. म्हणजे बाळ, तो भुंगेरा मीच संपवला. हे लिहायला हात धजत नव्हता. साहेबांना येऊ देऊ नकोस.

रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

तुझा मामा

२५ मे

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडले. रागाने नाही, तू एकटाच हे घेऊन बसला होतास म्हणून. अरे, हे भुंगेरे जखमेवरच जगतात हे तुला तरी कुणी कधी सांगितलं होतं? आणि एक भुंगेरा आला तो कुठून तरी आलाच ना! एखादं झाड तुझ्या तावडीतून सुटलं असणार. ते शोध. सापडलं तर हात खिशात ठेवायचे, शपथ आहे माझी. एकतीसला आम्ही येतोय, नको म्हणालास तरी.

तुझ्यावरची माया तसूभरही कमी नाही.

तुझी किडामुंगी

२९ मे

चि. किडामुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ओढ्यापलीकडच्या उतारावर एक म्हातारं झाड आहे. डांबराचा डबा घेऊन तिथे उतरता येत नाही, म्हणून मी कायम टाळलेलं. आज नव्या गृहस्थांना घेऊन रिकाम्या हातांनी उतरलो. बुंध्याला हातभर जखम, आंबूस वास, माश्यांचं घोंगावणं. आणि चार पिवळे ठिपके! अकरा मोजले, पुढे डोळ्यांना धारा लागल्या. ते गृहस्थ सवयीने साल खरवडायला गेले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. त्यांना सगळं सांगितलं. माझी चूक त्यांनी करू नये.

तासभर बसलो. जखम ओली होती, माझे हात शिवशिवत होते. तरी शपथ मोडली नाही. दुखणाईत झाडाजवळून काहीही न करता घरी आलो गं. फार जड गेलं.

लवकर या, वाट पाहतो.

तुझा मामा