चारी भरेपर्यंतचा वेळ

३ डिसेंबर २०२४

नाही म्हणजे नाही! दौंडहून अनुपमाचा दूरध्वनी आला होता. पाटबंधारे खात्यातील माझ्या जुन्या सहकाऱ्याची ही कन्या. संगणकाचे काम करते. ती आणि तिचे मित्र कालव्याच्या पाळीच्या पाण्याची संगणकप्रणाली नव्याने घडवीत आहेत — विनामूल्य, सर्वांना खुली. कोणीही आत डोकवावे, कोणीही सुधारावे. "आप्पा, तुमचं गणित आम्हाला द्या ना!"

माझे गणित! निवृत्तीनंतर शिरूरला जाऊन संगणक शिकलो. कालव्यातून निमोण्याच्या शेतांना पाणी नेणाऱ्या आमच्या चारीवरील नव्वद शेतकऱ्यांच्या पाळ्या लावणारी प्रणाली एकट्याने लिहिली, अकरा वर्षे एकट्याने सांभाळली. त्यात आता दहा जणांनी हात घालायचा?

९ डिसेंबर

चारीला पाणी सोडणारा पाटकरी दत्ता पाळीपत्रक न्यायला आला. म्हणाला, "आप्पा, तुमच्या माघारी हे कोन चालवनार? मला तर त्याचं बटनबी ठावं न्हाई." आणि हसला. मला हसू आले नाही.

१५ डिसेंबर

दौंडला जाऊन आलो. अट घातली — माझ्या संमतीवाचून एक अक्षरही बदलायचे नाही. अनुपमा म्हणाली, "बदलणार तर आहेच, आप्पा. पण कोणी, कधी, काय बदललं ते कायम दिसेल. पुसता येणार नाही." खात्यातील मोजमाप पुस्तक असेच असे. ते आवडले. प्रणाली देऊन टाकली. परतीच्या एस.टी.त मात्र हात रिकामे वाटले.

१९ डिसेंबर

अनुपमाचा प्रश्न — सर्वांना दिसेल असा: "गेट उघडल्यावर कोरडी चारी भरेपर्यंतचा वेळ कोणाच्या वाट्यातून जातो?"

मी चार परिच्छेदांत शेजपाळी समजावून दिली: पहिले पाणी चारीच्या शेवटच्या शेताला, मग क्रमाने वरच्यांना. भाषा निर्दोष होती.

तिचे उत्तर: "आप्पा, हे उत्तर नाही झालं."

उद्धटपणा!

२१ डिसेंबर

उद्धटपणा नव्हे. माझ्या प्रणालीत पहिली पाळी चारीचा दरवाजा उघडताक्षणी सुरू होते; म्हणजे चारी भरण्याचा सारा वेळ शेवटच्या शेताच्या वाट्यातून जातो. कालवा निरीक्षक म्हणून तीस वर्षे मी घड्याळ लावून दरवाज्याशी उभा राहिलो. पाणी सुटताना शेवटच्या टोकाला एकदाही नाही. त्या टोकाला साखरबाईंचे शेत आहे. "आप्पा, कागदावर दोन तास हायेत, पन पानी तेवढं येतच न्हाई," असे त्या मागे म्हणाल्या होत्या. मी त्यांना कागदच पुन्हा दाखवला होता.

२८ डिसेंबर

कालव्याचे आवर्तन सुटले. सकाळी आठला दत्ताने दरवाजा उघडला तेव्हा मी साखरबाईंच्या बांधावर होतो.

"आज हिकडं कुठं, आप्पा? बसा. पानी यायला टाइम हाय."

चहा पाजला. पाणी आले आठ वाजून त्रेचाळीस मिनिटांनी! कांद्याचे शेवटचे पाच वाफे पिवळे पडलेले. "ते दरसाल तसंच," त्या सहज म्हणाल्या. मी वेळ वहीत लिहून घेतली.

३० डिसेंबर

एकट्याचे काम असते तर दहा मिनिटांत दुरुस्त केले असते; कोणास कळलेही नसते. आता ती चूक माझ्या नावासह कायम राहणार. निरोपसमारंभात ज्याला सर्वांनी 'काटेकोर' म्हटले, त्याची चूक.

अनुपमाला विचारले, "जुनी नोंद वगळता येईल का?"

"मी नाही वगळणार, आप्पा. कवठे गावचे लोकही त्यांच्या चारीसाठी तेच गणित घेणार होते. त्यांच्या टेलवाल्यांचं, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांचं काय झालं असतं?"

मी फोन ठेवला.

२ जानेवारी २०२५

दुरुस्ती स्वतःच केली. पहिली पाळी आता पाणी शेतात पोहोचल्यापासून. चारी भरण्याचा वेळ नव्वद जणांत विभागला. चुकीपुढे माझे नाव स्वच्छ लिहिले. दत्ता म्हणाला, "वरचे लोक बोंबलतील!" बोंबलू देत.

३ जानेवारी

'चूक कोणी दाखवली' या रकान्यात अनुपमाचे नाव आपोआप आले होते. ते बदलून साखरबाईंचे घातले. पुढे त्यांच्या त्या तक्रारीची तारीख हवी होती. जुन्या रोजनिश्या काढल्या.

१४ फेब्रुवारी २०१४. माझ्याच सुवाच्य अक्षरात एक ओळ: 'साखरबाई उगाच येऊन गेल्या.'

तीच तारीख घातली.