गैरहजर बिगूलवाला

ती. हिल्मामावशीस,

तुझी भाची मर्ना हिचा वाकून नमस्कार. (खुब्याच्या दुखण्यामुळे हल्ली कागदावरच वाकते, गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? अ‍ॅरिझोनात म्हणे जानेवारीतही म्हाताऱ्या बायका बिनबाह्यांचे झगे घालून फिरतात. इथे मिनेसोटात परसदाराचं कुलूप गोठलंय आणि ते उघडायला लोवेल त्यावर केस वाळवायचं यंत्र धरून उभा राहतो. तुझं नाताळचं कार्ड पोचलं. त्यावर यंदाही माझं एकटीचंच नाव होतं. लोवेलने ते फ्रिजवर लावलं आणि म्हणाला, मावशींचं अक्षर अजून किती ठसठशीत आहे बघ. अशा माणसाला काय बोलायचं?

लोवेलबद्दल ऐकायला तुला आवडत नाही हे मला ठाऊक आहे. पण पत्र माझं आहे, शाई माझी आहे, आणि नवराही माझाच आहे, तेव्हा आज तुला ऐकावं लागेल. तुला वाटतं त्यापेक्षा तो फार मोठा माणूस आहे, हे मी लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर म्हणते आहे. पहिल्या वर्षी म्हटलं असतं तर तू हसली असतीस आणि ते बरोबरच ठरलं असतं.

तो आठवडाभर काउंटीची बर्फ हटवायची गाडी चालवतो हे तू जाणतेस. पण महिन्यातून एक शनिवार-रविवार तो राखीव दलाची वर्दी चढवून पलटणीत हजेरी लावायचा. तिथला नियम असा की अशी वीस वर्षं भरली आणि प्रत्येक वर्षात पन्नास गुण जमले, तर साठीला निवृत्तिवेतन आणि दोघांच्या औषधपाण्याची सोय होते. एखाद्या वर्षी एक गुण कमी पडला तर ते अख्खं वर्ष पाण्यात. (माझा खुबा बदलायचा आहे तो याच सोयीवर. डॉक्टरांनी तो पाहिला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तो गंजवला.) लोवेलची एकोणीस वर्षं पक्की झालेली होती. गोष्ट विसाव्याची आहे.

तर झालं असं. लोवेलला बिगूल वाजवता येतो. तरुणपणी तो पोल्का नाचाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा आणि मी त्यालाच भुलले, पण ते असो. माजी सैनिक वारला की त्याच्या दफनाला लष्कराने दोन माणसं पाठवायची, झेंडा घडी करून विधवेच्या हातात द्यायचा आणि निरोपाचा बिगूल वाजवायचा अशी रीत आहे. पण म्हातारे सैनिक भराभर जातात आणि बिगूल वाजवणारे मिळत नाहीत. म्हणून लष्कराने एक खोटा बिगूल काढला आहे. दिसायला खऱ्यासारखा, पण नळीच्या आत यंत्र. खटका दाबायचा, ओठाला लावायचा, गाल फुगवायचे आणि गंभीर चेहऱ्याने उभं राहायचं. आपल्याकडे एका कॅप्टनला असाच उभा असताना भर धुनेत शिंक आली. बिगूल गेला हातभर लांब आणि धून आपली चालूच. मृताची बहीण त्याला अजून चमत्कार समजते, बाकी सगळ्यांनी मात्र नाकं मुरडली. त्यानंतर आपल्या काउंटीत ज्याच्या घरी सैनिक गेला तो म्हणू लागला, यंत्र नको, लोवेलला पाठवा.

पलटणीचे सार्जंट टिबेट्स शनिवारी सकाळी फोन करायचे. लोवेल, आज इकडे येऊ नकोस, तिकडे अमक्याला निरोप दे, गुण त्याचाही मिळतो. हा गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आमच्या खेड्यांत दफन शनिवारीच करतात, कारण इतर दिवशी सगळे शेतात नाहीतर कामावर, आणि दफनाला लोक जमले नाहीत तर मृताच्या घरच्यांना वर्षभर तोंड दाखवता येत नाही. त्यामुळे पलटणीची हजेरी आणि दफनं एकाच दिवशी यायची. आता गंमत ऐक. तिकडे पलटणीत हजेरी घेणारा माणूस वेगळा. त्याने नाव पुकारलं, लोवेल नाही, लिहिलं गैरहजर. टिबेट्स पाठवत राहिले आणि तो लिहीत राहिला, दोघे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसून. गैरहजेऱ्या पुरेशा झाल्या तसं वरून पत्र निघालं की हा इसम कामावर येत नाही, सबब त्याला दलातून कमी करण्यात येत आहे. पत्र गेलं आमच्या जुन्या शेतावरच्या पत्त्यावर. तिथे आता कोणीतरी टर्क्या पाळतो. टर्क्यांनी ते वाचलं असेल तर त्यांनी तरी कळवायला हवं होतं.

थोडक्यात, पुढचं संपूर्ण वर्ष माझा नवरा दलात नव्हता आणि दलाच्याच सांगण्यावरून, दलाचीच वर्दी घालून, थंडीवाऱ्यात दलाची माणसं पुरत होता. वीस वर्षांचा दाखला मागायला गेला तेव्हा खिडकीतल्या बाईने त्याला हे सांगितलं. मला वाटलं होतं तो चिडेल, निदान टोपी तरी आपटेल. घरी आला, बूट काढले, स्वयंपाकघरात बसला आणि म्हणाला, 'मग मर्ना, मी त्या सगळ्यांना कोण म्हणून निरोप दिला?' मावशी, मी सिंकपाशी पाठ करून उभी राहिले आणि धुतलेल्याच बश्या पुन्हा धुतल्या.

टिबेट्सनी सगळं एका ओळीत सिद्ध केलं असतं. पण टिबेट्स त्याच्या आधीच्याच वसंतात वारले. त्यांचा बिगूल कोणी वाजवला हे सांगायला नको. म्हणजे आमचा एकमेव साक्षीदार आमच्याच माणसाने वाजतगाजत पोचवला.

मग काउंटीच्या माजी सैनिक कचेरीतल्या बर्डेलबाईंनी मनावर घेतलं. (अंगाने एवढीशी, पण तिने टाइप केलेलं पत्र वाचताना माणूस आपोआप ताठ बसतो.) लष्कराच्या नोंदी दुरुस्त करणारं एक मंडळ असतं. तिने तिथे अर्ज लावला आणि ज्यांच्या घरची दफनं त्या वर्षी झाली त्या सगळ्यांकडून साक्षी मागवल्या. लोकांनी काय लिहिलं म्हणून सांगू. हॉगेनच्या विधवेने दफनानंतरच्या जेवणावर चार पानं लिहिली, कोणी भट्टीत भाजलेलं कुठलं कॅसरोल आणलं आणि कोणाचं कोरडं झालं होतं सकट, आणि शेवटी एक ओळ, की बिगूलवाल्याने दोनदा वाढून घेतलं. मंडळाने ते धरलं, कारण यंत्र जेवत नाही. म्हाताऱ्या सिवर्टने लिहिलं, 'आला. वाजवलं. थंडी होती.' तेही धरलं. एका मुलीने लिहिलं की वाजवून झाल्यावर त्याने आमची घसरलेली मोटार खड्ड्यातून काढली आणि वर कबरीपाशी जाऊन माझ्या वडिलांची क्षमा मागितली, उशीर झाला म्हणून. ते वाचून बर्डेलबाईंनी चष्मा काढला आणि मी हिशेबाला लागले, की या माणसाला मी गेल्या आठवड्यात ओल्या मोज्यांवरून किती बोलले.

मंडळाचं उत्तर परवा आलं. कमी केल्याचा हुकूम चुकीचा होता, तो रद्द. साक्षी मान्य. गुण मोजले. एक कमी पडतो.

तर अशी इकडची हालहवाल. लोवेल म्हणतो ठीक आहे, निदान कमी केल्याचा हुकूम तरी रद्द झाला. पण ते वर्ष धरलं जात नाही तोवर दप्तरी तो गैरहजरच, आणि ते त्याला निवृत्तिवेतनापेक्षा जास्त लागलंय हे मला दिसतं. गुडघ्यांना जप. इथली सगळी तुझी आठवण काढतात, त्यातला एक जण तू त्याची काढत नसतानाही.

तुझी,
मर्ना

ता. क. आता मुद्द्याचं. तो उरलेला गुण तुझ्या यजमानांच्या, एर्लिंगकाकांच्या दफनाचा आहे. त्या दिवशी वादळ होतं, त्यामुळे बाकी आम्ही सगळ्या चर्चच्या तळघरात पावाला लोणी लावत बसलो होतो. खड्ड्यापाशी तू, पाद्री आणि लोवेल. पाद्री आता वृद्धाश्रमात आहेत आणि मला स्वतःची आई समजतात. दफन करवणारा इसम काचा वर करून गाडीतच बसला होता. त्याच्या कागदावर एवढंच आहे की बिगूल वाजला. मंडळ म्हणतं, त्या आठवड्यात तुमच्या भागात खोटा बिगूलही फिरत होता, तेव्हा माणूस वाजवत होता कशावरून? मावशी, तू पायऱ्या उतरून आलीस ते आठव. टोपीवरचा बर्फही झटकला नव्हतास आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, वरच्या सुराला त्याचा बिगूल असा फाटला की वासराच्या शेपटीवर पाय पडावा, आणि माझ्या एर्लिंगला अखेरचं हे ऐकावं लागलं. तेव्हापासून तू त्याच्याशी बोलत नाहीस. पण मावशी, यंत्राचा सूर कधीच फाटत नाही. फाटतो तो थंडीने ओठ चिरलेल्या माणसाचा. ही तक्रार तू ईस्टरला केलीस, केस कापणारीकडे केलीस, बसमध्ये केलीस. आता एकदा मंडळाकडे कर. पाकीट आणि तिकीट सोबत जोडलं आहे.

ता. क. २. लोवेलला यातलं काही कळू देऊ नकोस. मी सुचवलं तेव्हा तो म्हणाला, 'त्या बाईचा नवरा गेला त्या दिवशी मी चुकलो. त्या चुकीवर तिच्याकडेच पेन्शन मागू?' आणि एक गोष्ट त्याने तुला सांगू दिली नव्हती. त्या सकाळी दफनभूमीचा रस्ता उजाडायच्या आत त्यानेच मोकळा केला, मग वादळात पुन्हा तुमच्या गाडीच्या पुढे राहून, आणि वर्दी त्या बर्फाच्या गाडीच्या केबिनमध्येच चढवली. हे वाचून तुझं मन विरघळलं तर माझी हरकत नाही, पण आधी साक्ष लिहून टपालात टाक आणि मगच विरघळ. 'जरासा फाटला' असं लिहू नकोस, मावशी. तुला जसं ऐकू आलं तसंच लिही.