धाकूने तोंड उघडण्याआधी

भांडुप,
शनिवार, १२ एप्रिल १९८६

चि. सौ. सुगंधा हिला सहदेवच्या आजीचे, म्हणजे माझे, पोटभर आशीर्वाद.

मी कोण ते आठवतंय ना? सहज विचारलं. शिमग्याला माहेरी जाताना दुधाचं कार्ड कुठे ठेवलंस ते सांगायला विसरलीस. हिंगाची डबी कुठे तेही विसरलीस. आणि दर आठवड्याला पत्र टाकते म्हणाली होतीस, ते तर एसटी सुटायच्या आत विसरली असशील. पोटुशी बाई विसरभोळी होते म्हणतात. तुझं मात्र आम्हाला लग्नातच कळलं होतं. नाव घ्यायला उभी राहिलीस आणि नवऱ्याचंच नाव विसरलीस.

हे पत्र धाकू घेऊन येतोय. तुमच्याच वाडीतला धाकू, आमच्या चाळीत वरच्या खोलीत राहतो तो. पत्र हातात घे, त्याला ओट्यावर बसव, गूळपाणी दे, पण हे सगळं वाचून होईपर्यंत त्याला तोंड उघडू देऊ नको. खोकला आला म्हणाला तरी नको. धाकूला शिंक सांगायला दिली तर तो मयत करून पोचवतो.

लिहून घेतेय ती शेजारची जयंती. एरवी माझी पत्रं तूच लिहायचीस, पण तुझं पत्र तुझ्याकडूनच कसं लिहून घेऊ? मी मालवणीत सांगते आणि ही पोरगी शुद्ध करून लिहिते. त्यामुळे मी शिकलेली वाटले तर दचकू नको.

इकडे सगळं ठीक. दुधाचं कार्ड पिठाच्या डब्याखाली सापडलं. पाडव्याला गुढी उभारली. साखरेच्या गाठीला मुंग्या लागल्या, त्या झटकून आम्ही खाल्ली. सहदेव बरा आहे, नीट जेवतो, सोमवारपासून कामावर जाणार.

इथे जयंतीने पेन थांबवलं. म्हणते, "आजी, सोमवारपासून जाणार असं लिहिलं तर ती विचारेल ना, इतके दिवस का गेला नाही म्हणून?" शिकलेल्या पोरींशी खोटं बोलायची सोय राहिली नाही बघ.

तर ऐक. आधी शेवट सांगते, मग सुरुवात. सहदेवचे दोन्ही डोळे शाबूत आहेत आणि दोन्हींनी त्याला दिसतं. कळलं? पुन्हा एकदा वाच. आता भिंतीला टेकून बस आणि पुढचं वाच.

मुलुंडच्या ऑफिसात त्याचं काम काय ते तू जाणतेस. फरशीला मेणाचं पॉलिश लावायचं आणि वरून मशीन फिरवायचं, साहेबलोकांना खाली बघून भांग पाडता येईल इतकं. मधूनमधून एखाद्या रविवारी ऑफिस बंद असलं की जुनं मेण खरवडून काढतात. त्याचं केमिकल वेगळं असतं. मेण सोडवतं ते कातडी कशाला सोडेल? शिमगा झाल्यावरच्या रविवारी तेच काम चाललं होतं. सहदेव आणि त्याचा जोडीदार भीमराज, दोघंच. आणि ते केमिकल सहदेवच्या उजव्या डोळ्यात उडालं.

पुढे काय झालं ते भीमराजने मला सांगितलं. वॉचमन धावत आला, म्हणाला तूप घाला. लिफ्टवाला म्हणाला दूध घाला. भीमराजने कुणाचं ऐकलं नाही. सहदेवची मान धरून त्याला ओढत संडासापाशी नेलं आणि डोकं नळाखाली घातलं. हा आपला ओरडतोय, लाथा मारतोय, आणि तो बोटांनी पापणी उघडी धरून वरून पाणी सोडतोय. भीमराजचा बाप रंगारी होता, भिंतींना चुना मारायचा. डोळ्यात चुना गेला की पाणी, पाणी आणि पाणीच, हे त्याने लहानपणापासून बघितलेलं. रिक्षा येऊन उभी राहिली तरी म्हणाला, थांब, अजून धुवू दे.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, डोळा कुणी धुतला? भीमराज घाबरला, वाटलं चुकलं काहीतरी. बाई म्हणाल्या, हा डोळा वाचला तर तुझ्यामुळे वाचेल.

आता खरं सांगायचं तर मी तिथे असते तर मीच तूप घातलं असतं. घरचं, कढवून, गाळून. आणि नातवाचा डोळा माझ्याच हातांनी घालवला असता. देवाने मला त्या दिवशी भांडुपात तांदूळ निवडायला बसवलं, हे त्याचे उपकार.

वाचला तर, असं त्या म्हणाल्या होत्या. त्या 'तर'वर आम्ही इतके दिवस काढले. माझं मागचं पत्र आलं ना तुला, सगळी खुशाली म्हणून? ते पट्टी बांधलेली असतानाचं. जयंतीला सांगितलं, काही लिहू नको, सातव्या महिन्यातली बाई धावत सुटेल. तू रागावशील. रागाव, पण बसून.

सहदेव तेव्हा कण्हला नाही की कुरकुरला नाही. मला त्याचीच भीती वाटायची, कारण त्याला साधी ठेच लागली तरी चाळ गोळा होते हे तुला माहीत आहे. दुसरा डोळासुद्धा मिटून पडून असायचा. एकदा मी पेज भरवत होते तर म्हणाला, "आजी, बाळ कोणासारखं दिसतं ते तू मला सांगशील ना?"

मी म्हटलं, "मी खोटं सांगेन. तुझं तू बघ."

आणि पेज भरवत राहिले.

काल शुक्रवारी पट्टी सोडली. बाईंनी त्याचा चांगला डोळा हाताने झाकला आणि विचारलं, समोर काय दिसतंय? हा डोळा बारीक करून बघतोय. मी दाराशी उभी. मग म्हणाला, "आजी, लुगडं उलटं नेसलीस."

बघते तर खरंच उलटं. सकाळच्या घाईत नेसले आणि भांडुपपासून तशीच मिरवत गेले. सगळ्या नर्सा हसल्या. माझी नऊवारी लुगड्यातली अब्रू गेली, पण त्याला काठ उलटा दिसला, यापरतं काय हवं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं धूसर दिसेल, औषधाचे थेंब घालत राहा, निवळेल.

जयंती पुन्हा थांबली. विचारतेय, केमिकल उडालं कसं? हे मी तुला सांगणार नव्हते, सुगंधा. पण धाकूला कुठून तरी कळलंय, म्हणजे ते तुझ्या वाडीत येणारच. आता ज्याचं त्याने लिहावं. जयंती, दे ते पेन त्याला. अक्षर ओळखतेस का बघ गो.

सुगंधा, मी सहदेव. ओळ तिरकी जातेय ती सांभाळून घे. आजी समोर बसलीय आणि सांगीन तेच लिही म्हणतेय. मी आळशी आहे. (लिहिलं.) भरलेला कॅन दोन जिने वर न्यायचा कंटाळा केला. तुझ्या आईने कोकमाचं आगळ पाठवलं होतं त्या काळ्या बाटल्या घरात पडून होत्या. एकीत सरबत नेलं होतं, दुसरी रिकामी होती, तीत केमिकल भरून वर नेलं. दोन्ही बाटल्या खिडकीत शेजारी ठेवल्या. भीमराजला तहान लागली. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, घेऊ का? मी मशीन चालवत होतो, न बघताच मान हलवली. बूच काढून त्याने बाटली ओठाला लावली तेव्हा माझं लक्ष गेलं. मी झडप घालून ती हिसकावली, ती माझ्या तोंडावर सांडली.

पुढचं मी माझ्या मनाने लिहितोय. डोळा जाईल याची भीती होतीच. पण पट्टीच्या आत मला भीमराज बाटली उचलतानाच दिसायचा. त्याला मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "येड्या, तू हिसकावलीस म्हणून मी आहे, मी धुतला म्हणून तुझा डोळा आहे. फिटंफाट. आता चहा पाज." तू मला काय म्हणशील ते मी तिकडे आल्यावर म्हण. मी ऐकेन.

पुरे. पेन परत जयंतीकडे. डोळ्यातून पाणी यायला लागलं त्याच्या. औषधाचं असेल.

साहेबाने दोघांना रबरी हातमोजे आणि मोटरसायकलवाल्यासारखे चष्मे दिलेत. केमिकल आता कॅनमधून बादलीत, आधी पाणी मग ते, खिडक्या उघड्या टाकून. खाण्यापिण्याचं सामान त्या मजल्यावर न्यायचंच नाही. भीमराज तर आता माझ्या घरचा चहासुद्धा आधी हुंगून बघतो, आणि मी तो बघेपर्यंत थांबते. त्याची आई मीराबाई इस्पितळात रोज येऊन बसायची. तिच्या मुलाच्या बाबतीत काय घडता घडता राहिलं हे ठाऊक असून यायची. भाकरी आणि ठेचा आणायची. ठेचा इतका जहाल की डोळ्यांचंच काय, माझंच पाणी पाणी झालं.

तर सुगंधा, तू तिथेच राहा, धावत येऊ नको. बारशाला हा स्वतः येईल आणि बाळ कोणासारखं ते बघेल. तुझ्या नाकाचं निघालं तर मात्र मला दोष देऊ नका.

आता धाकूला बोलू दे.

तो परत येताना त्याच्याबरोबर ओले काजू दे, सोललेले, केळीच्या पानात बांधून. मोठा वाटा मीराबाईसाठी वेगळा बांध, आमच्यासाठी एका उसळीपुरते पुरेत. तू सोलू नको, आईला सांग. हाताला राख लावून सोलायचे, आणि चीक भाजतो, म्हणून चिकाचा हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही.

तुझी,
आजी