मधला फर्मा

३ मार्च

आली! माझी कादंबरी बाइंडरकडून घरी आली. प्रतींच्या गठ्ठ्यांमुळे बसायला एक खुर्ची रिकामी नाही. हे म्हणाले, आता पाहुण्यांना उभ्यानेच चहा द्यायचा. म्हणोत! आज मी हवेत आहे.

९ मार्च

लेखक मंडळात पुस्तक घेऊन गेले. कुणीतरी शेवटपर्यंत वाचावं, एवढंच मागणं. अध्यक्षांनी ते दोन बोटांत धरलं. प्रकाशक कोण, विचारलं. मी म्हटलं, मीच.

"मग वाचकही तुम्हीच व्हा."

सगळे हसले. त्यातल्या निम्म्यांच्या कवळ्या माझ्या लॅबमध्ये, माझ्या हातांनी घडलेल्या! आपलेच दात, आपलेच ओठ — कुणाला सांगणार? प्रत मात्र अध्यक्षांनी पिशवीत टाकली. फुकट होती ना!

१० मार्च

दिवसभर कवळ्या घासता घासता विचार केला. मंडळातल्यांचा राग कळतो. प्रकाशकांचे उंबरे झिजवता झिजवता केस पिकले, आणि ही बया रांग मोडून पुढे! वाचकही पोळलेले. ओळखीपायी किती कच्ची पुस्तकं गळ्यात पडली असतील त्यांच्या. शेजारीण तर मला पाहून लिफ्ट सोडते, जिन्याने जाते.

कळतं सगळं. तरी चिडलेय. आणि चिडूनसुद्धा गाणं गुणगुणतेय — काय करू!

१६ मार्च

नणंदेला फार आवडली. भाच्याला ओघवती वाटली. शेजारणीनेही "वाचून संपवली" म्हणे!

१९ मार्च

अध्यक्षांचा फोन. आवाज करडा.

"ऐंशीव्या पानावर तुमची नायिका नोकरी सोडू की नको म्हणून रडतेय. समोरच्याच पानावर बस चालवतेय. मधे काय झालं?"

धावत जाऊन पाहिलं. ऐंशीनंतर थेट सत्त्याण्णव! सोळा पानांचा अख्खा फर्मा गायब — प्रत्येक प्रतीत. बाइंडरकडे द्यायच्या आधी छापील फर्मे आम्हीच जेवणाच्या टेबलाभोवती गोल फिरून क्रमाने लावले होते. सहावा गठ्ठा खुर्चीवर होता, त्यावर ह्यांनी इस्त्रीचे कपडे ठेवले. अजून तिथेच आहे! हे म्हणाले, "मी आपला तुझ्या मागे मागे फिरत होतो."

आधी रडू आलं. मग डोक्यात प्रकाश पडला. नणंद, भाचा, शेजारीण — एकानेही विचारलं नाही. ऐंशीपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं! आम्ही दोघं पोट धरधरून हसलो.

आणि अध्यक्षांनी वाचली! ज्यांनी हसण्यावारी नेली, त्यांनीच वाचली. इतका आनंद मला पुस्तक हातात आलं तेव्हाही झाला नव्हता.

२० मार्च

अध्यक्ष स्वतः आले. सोळा पानं दारातच, चपला न काढता वाचली. "रविवारी मंडळात वाचा," म्हणाले आणि गेले. चहासुद्धा नाही घेतला.

२४ मार्च

कालचं वाचन झकास झालं, ते नंतर लिहीन. आज सकाळी अध्यक्ष पुन्हा दारात. काखेत जाडजूड बाड — त्यांची नवी कादंबरी, सगळ्या प्रकाशकांकडून परत आलेली. या वेळी चपला काढून आत आले, बाड माझ्यापुढे ठेवलं.

"घरातसुद्धा कुणी वाचली नाही. तुम्ही वाचाल?"