तीन पुड्यांचा शब्द

घोडेगाव,
मे १९४८

प्रिय नूरूभाई,

‘प्रिय’ लिहिताना हात अडला. पण तुला दुसरं काही लिहायची सवय नाही, म्हणून तसंच राहू देते. अब्बा बाजाराहून सुखरूप घरी पोचले असतील. इकडे येताना त्यांनी आपल्या दुकानातली चहापूड आणली होती. मी पुडी सोडली, आधी कागद वाचला आणि मग चुलीवर आधण ठेवलं. सासूबाई हसल्या. हे वेड कुणी लावलं ते त्यांना काय ठाऊक!

आठवतं ना? नगरच्या कॅम्पातल्या साहेबांच्या बंगल्यांतून इंग्रजी रद्दीची गोणी यायची आणि आपण दोघं दुकानाच्या ओट्यावर खळ लावून पुड्या करत बसायचो. मला मराठी चौथीनंतर घरी बसवलेलं, तू इंग्रजी शाळेत. अक्षरं तू शिकवलीस आणि नियमही तूच घातलास. शब्द अडला तरी लगेच विचारायचा नाही. तो तीन निरनिराळ्या कागदांवर भेटेपर्यंत थांबायचं, आजूबाजूच्या ओळींवरून अंदाज बांधायचा आणि मगच तुला सांगायचा. बरोबर निघाला तर शब्द आपला. ‘पोस्टपोन्ड’ मला आधी घोड्यांच्या शर्यतीत सापडला, मग क्रिकेटच्या सामन्यात, मग कुणा साहेबाच्या लग्नात. ठरलेलं असून झालं नाही अशाच गोष्टींपाशी हा शब्द बसतो, हे माझं मलाच उमगलं तेव्हा मी खळीचे हात घेऊन अंगणभर नाचले होते. अर्धा वाचलेला कागद मी मांडीखाली लपवायची आणि छबूबाई साखरेसाठी ताटकळत उभी राहायची. ‘पोरी, कागूद दे की गं, साखर काय पदरात नेऊ?’ म्हणून ओरडायची.

मग हळूहळू मी पुढे गेले. तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस, पण गिऱ्हाईक नसलं की एखादा शब्द मलाच विचारायचास. मला केवढा अभिमान वाटायचा! मॅट्रिकला तुझी इंग्रजीत दांडी उडाली आणि तू ओट्यावर बसायचं सोडलंस. मला वाटलं, बिचाऱ्याला दुःख झालंय. चांगले कागद मी तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवायची. त्याच उन्हाळ्यात मुलींच्या शाळेच्या बाई साबण घ्यायला आल्या. त्यांनी माझं वाचन ऐकलं आणि हिला आमच्याकडे पाठवा म्हणून अब्बांच्या मागेच लागल्या. अब्बांनी विचार करून सांगतो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना नाही सांगितलं, आणि वर्षभरात मी या घरात आले. तू मला बैलगाडीपाशी पोचवायला आलास, रडलास, आणि रद्दीचं एक भेंडोळं माझ्या पेटीत ठेवलंस. माझ्या भावाला माझं दुःख कळतं, एवढ्या एका गोष्टीवर मी इथले पहिले दिवस काढले. अब्बांवर मात्र राग धरला. दर ईदेला त्यांचा हात डोळ्यांना लावला, पण त्यांच्याशी मोकळेपणानं बोलले नाही.

शुक्रवारच्या बाजाराला अब्बा म्हैस बघायला आले, हे तुला माहीतच आहे. आमच्या गोठ्यात एक म्हैस लंगडत होती. यांनी नगरहून औषधाची बाटली आणवली होती आणि ती बांबूच्या नाळीत ओतून तिला पाजायच्या बेतात होते. मी बाटलीवरचा कागद वाचला आणि ओरडले, ‘अहो, पाजू नका, हे वरून चोळायचं आहे!’ ‘एक्स्टर्नल’ म्हणजे काय ते मला मलमांच्या जाहिरातींवरून कळलं होतं, आपल्याच ओट्यावर. यांनी बाटली खाली ठेवली. अब्बा मात्र माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, ‘तुला तर वाचता येत न्हवतं ना, बेटा? नूरू म्हनला हुता, नुस्तं पाठ हाय तिचं. शाळंत हसू व्हईल म्हनला.’ आणि गोठ्याच्या दारातच बसले. मी त्यांना पाणी दिलं. इतक्या वर्षांनी मी त्यांच्याजवळ टेकले, भाई, आणि आम्ही दोघंही रडलो.

अब्बांना इंग्रजीचं अक्षर कळत नाही. त्यांनी घरातल्या एकुलत्या एका शिकलेल्या माणसाला विचारलं, आणि त्या माणसानं केसानं माझा गळा कापला. वर पेटीत रद्दी ठेवली! तू नापास झालेला आणि धाकटी बहीण शाळेत चाललेली, तुला ते बघवलं नसेल, एवढं मला समजतं. समजतं म्हणून राग कमी होत नाही. परक्यानं केलं असतं तर केव्हाच विसरले असते. तू माझा उस्ताद होतास. ते भेंडोळं मी काल पेटीतून काढलं. चुलीत घालणार होते. पण माझ्या लेकीनं, मुबारकनं, हातातून ओढून घेतलं आणि वाचायला बसली.

तिच्यासाठीच हे पत्र. तुझी भाची आठ वर्षांची झाली, आणि शब्द तीनदा भेटेपर्यंत मला विचारत नाही. जूनपासून तिला त्याच शाळेत घालायचं, हे यांनी कबूल केलंय. नगरमध्ये तिला राहायला तुझ्या घरावाचून मला दुसरं घर नाही. असतं, तर हे पत्र तुला आलं नसतं. भाभीला सांग, पोर तिखट खात नाही. रद्दीची गोणी आली की तिला ओट्यावर बसू दे. आणि कुणी तुला विचारलं, ‘हिला खरंच येतं का?’ तर हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. तिला हाक मार, आणि तू दुकानात आत जा.

अजून तरी तुझीच,
मेहताब